ओळ अकरा, शेवटून तिसरी

आमच्या ज्यू समाजाचं वार्षिक पुस्तक आजोबांनी सुरू केलं आणि पुढे बाबांनी बत्तीस वर्षं चालवलं. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. घरी आल्यावरही त्यांच्या डोळ्यांना विसावा नव्हता. बुटांच्या खोक्यात प्रत्येक घराचं एक कार्ड होतं: नावं, जन्म, लग्नं, पत्ता. मी मोठ्याने वाचायचे, ते प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. एखादा घर क्रमांक चुकलेला निघाला की पोटात दुखल्यासारखा चेहरा करायचे.

पुस्तकातली नावा-पत्त्यांची यादी आडनावांप्रमाणे न लावता गल्लीप्रमाणे लावायची, ही त्यांचीच टूम. "नवा माणूस आला तर त्याला शेजारीच आपलं माणूस सापडायला हवं," म्हणायचे. लोक खूश होते. एक प्रत सार्वजनिक वाचनालयातही असायची आणि तिचा बाबांना कोण अभिमान!

एका वर्षी त्याच प्रतीतली चार पानं कुणीतरी फाडून नेली. आठवड्याच्या आत आमच्या एकवीस दारांवर डांबर फासलं गेलं. गल्लीमागून गल्ली, एकही दार न चुकता. शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या खिडकीतून दगड आला, तो थेट तिच्या मशिनवर. मावशी एकटी राहायची. नात्याची आमची कुणी नव्हती, पण माझे सगळे फ्रॉक तिच्याच हातचे.

लोक घरी येऊन बाबांना वाटेल ते बोलले. "कुंपणानेच शेत खाल्लं," असं बेकरीवाले काका तोंडावर म्हणाले. दुपारी बाबा कार्डांचं खोकं घेऊन मागच्या अंगणात गेले आणि एकेक कार्ड जाळायला बसले. मावशी धावत आली.

"दादा, माझं तेवढं राहू द्या हो. आता दगड मारायला तरी कुणी येतं. पत्ता गेला तर तेही नाही यायचं."

"पुढचा दगड डोक्यात बसेल," बाबा म्हणाले आणि तिचंही कार्ड आगीत टाकलं. मी त्यांच्याच बाजूने होते. सांगताना आज लाज वाटते.

त्यानंतरची पुस्तकं नुसत्या नावांची निघाली. भीतीने माणसं घरं बदलत गेली. कोण कुठे गेलं याचा कुणाला पत्ता नाही. मावशीही कुठेतरी गेली. दरवर्षी पुस्तक छापखान्यातून घेऊन जायची, तेवढीच भेट.

चौथ्या वर्षी पालिकेचा कारकून आमच्याकडे आला. नदीपलीकडच्या एका खोलीत एक बाई मरून चार दिवस पडली होती. वारस कुणी मिळेना, म्हणून पालिकेने तिला सार्वजनिक दफनभूमीत पुरलं होतं. नंतर सामान आवरताना आमचं पुस्तक निघालं आणि छापखान्याचं नाव वाचून तो इथवर पोचला होता. त्याने पान उघडून दाखवलं. मावशीच्या नावापुढच्या कोऱ्या जागेत तिने स्वतःच, पेन्सिलीने, बारीक अक्षरात आपला पत्ता लिहिला होता.

"माझी चूक सुधारली तिने," बाबा म्हणाले आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

त्या वर्षीच्या पुस्तकात एकच पत्ता छापला, दिवंगतांच्या पानावर, मावशीच्या नावाखाली: सार्वजनिक दफनभूमी, ओळ अकरा, शेवटून तिसरी. पुढे वर्षदिनाच्या प्रार्थनेची तारीख आणि वेळ.

मेलेल्याच्या नावाने म्हणायच्या कद्दीश प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. वर्षदिनी आम्ही पोचलो तेव्हा बेकरीवाले काका आधीच उभे होते. मागून आणखी पाचजण हातात पुस्तक घेऊन, ओळी मोजत आले. बाबा धरून सात झाले. बायका मोजणीत धरत नाहीत, नाहीतर मी आठवी होते. मावशीने यावर नक्की काहीतरी टोमणा मारला असता.

आम्ही थांबलो. ऊन कलायला लागलं. रखवालदार किल्ल्या घेऊन आला.

"अजून कुणी यायचंय का?"

"तिघं हवेत," बाबा म्हणाले.

"असतील ना तुमच्यातले इथे कुठेतरी? बोलावून आणा की. तोवर फाटक उघडं ठेवतो."

रखवालदार बिचारा चांगल्या मनाने म्हणाला. बाबांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"कुठून आणू?" ते म्हणाले. "पत्ते मीच जाळलेत."