वाचलेलं पत्र पुन्हा नवं

आम्हा दोघी बहिणींचं मिळून एकच ईमेल खातं आहे. बोलणं बंद झालं तरी ते चालू राहिलं, कारण गिऱ्हाइकांना तोच पत्ता ठाऊक. आम्ही भाषांतरं करतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिका माझ्याकडे, औषधांची पत्रकं धाकटीकडे. आईला शेवटी दवाखान्यात न्यायला हवं होतं की घरीच ठेवायला हवं होतं, यावरून आमचं जे वाजलं ते वाजलंच. धाकटी बिऱ्हाड हलवून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी फोन केला नाही, तिनेही केला नाही. दोघी एकाच आईच्या, त्यामुळे हट्टाला तोटा नाही.

मी पत्रं टर्मिनलमध्ये वाचते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्रं नाहीत, माऊस नाही. धाकटी म्हणायची, "ताई, तू अजून फळ्यावरच शिकतेयस." तिच्याकडे रंगीत बटणांचा, टुणटुण वाजणारा प्रोग्राम आहे. पण दोन्ही प्रोग्राम एकाच सर्व्हरला जोडलेले, त्यामुळे एकीने वाचलेलं पत्र दुसरीकडेही वाचलेलं दिसतं. माझ्या यादीत न वाचलेल्या पत्रापुढे 'एन' हे अक्षर असतं. पत्र वाचलं की ते जातं.

रोज सकाळी चहा घेऊन मी त्या यादीसमोर बसायचे. औषधवाल्यांच्या पत्रांपुढचे एन मी हात न लावता एकेक करून नाहीसे व्हायचे. म्हणजे धाकटी उठली. रविवारी उशिरा जायचे. मध्ये एकदा आठवडाभर उजाडायच्या आत जात होते, तेव्हा तिला झोप येत नसावी. विचारणार कोण? दिवसभरात माझ्या घरात येणारं एवढंच एक माणूस होतं, आणि तेही बोलत नव्हतं.

माझ्या याच प्रोग्रामने गेलं वर्षभर मला छळलं होतं. मी वाचलेली पत्रं परत न वाचलेली व्हायची. बॉयलरवाल्यांचं पत्र दुपारी उघडावं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे एन हजर. मी प्रोग्रामने साठवलेली कॅशे पुसली, सेटिंग्जची फाईल ओळ न् ओळ तपासली, सगळा प्रोग्राम काढून नव्याने टाकला. शेवटी जाणकारांच्या एका मंचावर तक्रार केली. तिथे कोणीतरी लिहिलं, "त्याच खात्यात दुसरं कोणी काही करत नाही ना?" मी म्हटलं, बरोबर, धाकटीचा तो टुणटुण्या प्रोग्रामच दिवटा. आणि विषय मिटवला.

मग त्या सोमवारी औषधवाल्यांचे एन गेलेच नाहीत. मंगळवारी त्यांच्यात आणखी भर पडली. बुधवारी एकाने "आमच्या पत्रकाचं काय झालं?" असं विचारलं, तेही तसंच पडून राहिलं. धाकटी कितीही रुसली तरी काम अडवणारी नाही. पण माणसाआधी यंत्रावर संशय घ्यायची माझी जुनी खोड. पुन्हा कॅशे पुसली. सर्व्हर काय उत्तर देतो त्याची नोंद चालू केली आणि चष्मा लावून वाचली. सर्व्हर साफ सांगत होता, ही पत्रं कोणीही उघडलेली नाहीत. बिघाड सापडला असता तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

धाकटी एकटी राहते. पडली असेल तर कोणाला कळणार? मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो."

"जिवंत आहेस का?" दोन वर्षांनी बोलायला मला हेच सुचलं.

"तुला काय करायचंय? तूच मला बाहेर काढलंस ना?"

"मी? कुठून?"

"खात्यातून, ताई. सोमवारपासून पासवर्ड विचारतंय आणि घेत नाही. पोर्ट तपासले, खातं काढून परत जोडलं, काही उपयोग नाही. पासवर्ड बदललाय. आता तो बदलणारी दुसरी कोण आहे? नको होते मी, तर तोंडाने सांगायचंस."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मी काहीही बदललेलं नाही."

"मग तुझं कसं चालतंय?"

माझा पासवर्ड सेटिंग्जच्या फाईलमध्येच लिहिलेला असतो, प्रोग्राम मला विचारत नाही. तिला खोटं पाडायचं म्हणून मी फाईल उघडली. पासवर्ड नवा होता. त्याच्या वरच्या ओळीत, प्रोग्रामने वाचू नये म्हणून आधी खूण टाकून, मी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं : 'ईमेल कंपनीच्या सूचनेवरून पासवर्ड बदलला. धाकटीला आजच कळवणे.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते ठीक. पण कळसा काखेत कोणी ठेवला तेच मला आठवत नव्हतं. ती ओळ लिहिल्याचं मला आजही आठवत नाही.

"ताई? आहेस ना?"

"मीच बदललाय," मी म्हटलं. "लक्षातच नाही गं."

मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. ती निघाली नाही.

"तू पत्रं वाचतेस आणि विसरतेस," ती हळूच म्हणाली. "वर्ष झालं. बॉयलरवाल्यांनी तीन-तीनदा विचारलं. तू पत्र उघडलेलं असायचं, उत्तर नाही. म्हणून मी ती परत न वाचलेली करून ठेवायचे. सकाळी तुझ्या नजरेला पडावीत म्हणून."

"तो बिघाड होता."

"बिघाड नव्हता, ताई. मी होते."

मी यादीत बॉयलरवाल्यांचं पत्र शोधलं.

"आईचंही सुरुवातीला असंच..."

"आईला मध्ये आणू नकोस," मी खेकसले.

मग मी तिला पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, एकेक आकडा. तिने प्रत्येक परत म्हणून दाखवला, लहानपणी पाढे म्हणायची तसा. तिकडे टुणटुण वाजलं. माझ्या पडद्यावरचा एक एन गेला. मग दुसरा.

"झालं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "उद्या येऊ का?"

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

घर पुन्हा होतं तसं झालं. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. माझ्या जिभेला काय हाड आहे का? परत फोन करावा, तर तोंडातून पुन्हा भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं. मी आधी बॉयलरवाल्यांना उत्तर पाठवलं. मग आमच्याच पत्त्यावरून आमच्याच पत्त्यावर एक पत्र लिहिलं : 'उद्या ये. मला भीती वाटतेय.' पाठवलं. क्षणात ते यादीत सगळ्यात वर येऊन बसलं, पुढे एन.

मी ते उघडलं नाही. हात मांडीवर ठेवून बघत बसले. चहा निवला.

एन गेला.

तिने वाचलं होतं. मी डोळे पुसले, चष्मा परत चढवला आणि बघते तर त्याच पत्रापुढे एन पुन्हा आला होता. उद्या ती येणार आहे हे मी विसरू नये म्हणून.