हैदराबादचा पगार

सेवाग्रामच्या दवाखान्यात भावना ढोके डायलिसिसच्या मशीन सांभाळायची. तिथले एक डॉक्टर पूर्वी हैदराबादला गेले होते. मार्चमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. त्यांच्या नव्या दवाखान्यात लहान मुलांसाठी वेगळा डायलिसिस विभाग सुरू होत होता आणि त्यांना माहितीतला, सावध हाताचा माणूस हवा होता. पगार ऐकून भावनाने तो पुन्हा एकदा विचारला. इथल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होता.

सेवाग्रामलाच असलेल्या घरी तिने सांगितलं तेव्हा तिचा नवरा राकेश जेवत होता. देवळीच्या बसस्टँडजवळ त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, कशाचंही सेल्फ-स्टार्टर बंद पडलं की लोक त्याच्याकडे येत. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, तू म्हणशील तर जाऊ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर दुकानात निघून गेला. एरवी तो मुलीला, सहावीतल्या काजलला, शाळेत सोडून मगच निघायचा. भावनाला ते खटकलं.

दवाखान्यात जो तो अभिनंदन करत होता. आकांक्षा नावाच्या तिच्या मैत्रिणीने तर हैदराबादहून काय काय आणायचं तेही सांगून ठेवलं. दुसरं राज्य म्हणजे करही वेगळा लागत असेल, ही भावनाची भीती मात्र जात नव्हती. शेवटी ती वर्ध्याला एका कर सल्लागाराकडे जाऊन आली. आयकर देशभर एकच असतो, आणि या पगारावर तो लागणारही नाही, असं त्याने सांगितलं. व्यवसाय कर इथे कापतात तसा तिथेही कापतील. खर्च येईल तो गाडीचा. त्यांची एमएच बत्तीस नंबरची व्हॅन तिकडे कायमची न्यायची तर तिथला रोड टॅक्स भरून नवीन नंबर घ्यावा लागेल.

रविवारी सगळे देवळीला राकेशच्या आईवडिलांकडे गेले. तिचे सासरे हरिदास समाजकल्याण खात्यातून रिटायर झालेले. नोकरीभर लोकांचे अर्ज तपासले असल्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल ते घाईने देत नसत. त्यांनी सुनेला समोर बसवून एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. घराचं भाडं किती, घरमालकाला आगाऊ किती द्यायचे, शाळेची फी, जाण्यायेण्याचा खर्च. इथे घर स्वतःचं होतं, हिंगणी गावाहून येणाऱ्या बाईकडून भाजी वाजवी भावात मिळत होती, आणि काजलची शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती. तिथे यातलं काहीच नव्हतं. तरीही पारडं हैदराबादकडेच झुकत होतं.

मग भावना म्हणाली, "बाबा, यांचं दुकान काऊन नाई धरलं आपण? थे बंद झालं तर यांची कमाई गेलीच ना."

राकेशच्या कमाईची पावती कधी यायची नाही. कधी पाचशे, कधी तीन हजार, हंगामात त्याहून जास्त. घरात पगार म्हटलं की तो भावनाचाच, असं इतकी वर्षं सगळेच धरून चालले होते, राकेश स्वतःसुद्धा. त्याने मान खाली घातली आणि हळूहळू महिन्याचा सरासरी आकडा सांगितला. तो भावनाच्या अंदाजापेक्षा बराच मोठा होता. तो धरल्यावर हैदराबादला जाऊन हाती जास्त उरेल असं फार काही राहिलं नाही.

हरिदासांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या जातीच्या दाखल्यावर मिळणाऱ्या राज्याच्या राखीव जागा दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत. काजलला पुढे इथल्या कॉलेजात जायचं असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली बरी. एवढं लक्षात ठेवून मग काय करायचं ते करा, असं म्हणून ते उठले.

विषय तिथेच संपला असं सगळ्यांना वाटलं. पण परत येताना सालोड गावाच्या पुढे राकेशने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. काजल मागे झोपली होती.

"तू खूश नाई दिसून राह्यली," तो म्हणाला. "पैसे तर दोन्हीकडं सारखेच पडून राह्यले. मंग कशाचं वाईट वाटते?"

भावनाने सांगितलं की गेली नऊ वर्षं ती त्याच मशीनवर तेच काम करते आहे, आणि ते आता तिला डोळे मिटून येतं. लहान लेकरांचं डायलिसिस फार नाजूक असतं. त्यांच्या अंगात रक्तच थोडं असतं, मशीनही वेगळी लागते. ते काम तिला शिकायचं होतं. फोन आला तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच होतं.

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"पैशाचं कारण सांगाले सोपं जाते," ती म्हणाली. "मले शिकाचं आहे म्हणून अख्खं घर हलवा, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

राकेशने गाडी सुरू केली. दारात उतरताना म्हणाला, एकदा जाऊन पाहू.

एप्रिलमध्ये दोघं रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेले. भावना दिवसभर दवाखान्यात होती. नवीन विभाग, अनोळखी चेहरे, कानावर सतत पडणारी तेलुगू. एका तीन वर्षांच्या मुलीच्या बिछान्याशी उभी असताना तिने मशीनकडे गेलेला हात मागे घेतला. संध्याकाळी ती बाहेर आली ती, आपल्याला हे जमणार नाही, असं ठरवूनच.

राकेश मात्र फाटकापाशी तिची वाट पाहत होता आणि त्याला कधी बोलतो असं झालं होतं. दिवसभर तो जुन्या मोटारींच्या दुकानांच्या गल्लीत हिंडला होता. तिथे एका म्हाताऱ्या उस्तादाकडे पिकअपचं वायरिंग जळून आलं होतं आणि त्यांना बारीक दिसत नव्हतं. राकेशने विचारून हात लावला. आपली हिंदी आणि त्यांची हिंदी सारखीच वाकडी, त्यामुळे दोघांचं मस्त जमलं. उस्तादांनी बिर्याणी खाऊ घातली आणि गल्लीत बसायला जागा देतो म्हणाले, कमाई अर्धी अर्धी.

"मले तर इथं आवडलं बावा," राकेश म्हणाला.

भावना त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिला हसू आलं. मशीनपासून हात मागे घेतल्याचं तिने त्याला सांगितलं. राकेशने ते ऐकून घेतलं. पहिल्यांदा त्याने एका ट्रॅक्टरची बॅटरी उलटी जोडली होती, ती गोष्ट त्याने तिला सांगितली. शिकायला आलीस ना, मग आधीच कसं येईल, एवढंच तो पुढे म्हणाला. त्या रात्री लॉजवर दोघांनी ठरवलं. तीन वर्षं राहायचं, आणि काजलची दहावी सुरू व्हायच्या आधी परत यायचं. व्हॅन विकून टाकायची. दुकान शेजारच्या किसनरावांना बी-बियाणं ठेवायला भाड्याने द्यायचं, म्हणजे ते आपलंच राहील.

हरिदासांनी हे ऐकून मान डोलावली. धुरपताबाई सासू असून एवढे दिवस या सगळ्यात काहीच बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी एकच अट घातली.

"पोट्टीले तिकडं करमलं नाई तर मले फोन करजो. मी येईन."

जूनमध्ये तिघं हैदराबादला राहायला गेले आणि काजलला करमलं. शाळेत पहिले दोन महिने ती रडकुंडीला आली, पण दिवाळीपर्यंत तेलुगूत भांडायला लागली. भावनाने पहिल्या मुलाला एकटीने मशीनवर घेतलं तो दिवस सप्टेंबरातला. तीन तास ती खुर्चीवर बसली नाही. मुलगा उठून आईकडे खाऊ मागू लागला तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर गेली आणि जिन्यात थोडा वेळ उभी राहिली. पैसे फार साठले नाहीत. साठतील असं कोणी धरलंही नव्हतं.

फोन कोणी केला नव्हता, तरी जानेवारीत धुरपताबाई आल्या. सोबत तुरीच्या शेंगा, सांडगे आणि ठेच्याची बरणी. तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच खाली भाजी घ्यायला गेल्या. भाजीवाली तेलुगूत बोलत होती, या वऱ्हाडीत. भावनाला गॅलरीतून दोघींचे हात हलताना दिसत होते. थोड्या वेळाने धुरपताबाई वांगी घेऊन वर आल्या.

"काय म्हणे ती?" भावनाने विचारलं.

"तिची सून चांगली आहे म्हणे," धुरपताबाई म्हणाल्या आणि वांगी धुवायला घेतली.