डाव्या पायाचं काम

मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस कुठेही ओळखू येतो. गियर बदलताना त्याची मान जराशी कलते, कारण मास्तर गाडी कानाने शिकवतात. पहिल्याच दिवशी ते खिशातला पांढरा रुमाल काढून वेगाच्या काट्यावर पसरतात आणि सांगतात, "हा काटा आजपासून नाही असं समजा. इंजिन काय म्हणतंय ते ऐका. कण्हायला लागलं की गियर खाली, किंचाळायला लागलं की वर." नवशिक्याची पाचावर धारण बसते, गाडी गचके खाऊन भर चौकात बंद पडते, मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. मास्तर मात्र ढिम्म. "बंद पडली? पडू दे. गाडीच आहे, जग नाही," एवढंच म्हणतात आणि काच खाली करून मागच्यांना हात दाखवतात.

मास्तरांची लेकही हेच काम करते. तिला सगळे मास्तरीण म्हणतात. दोघांचं ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची खोली. तिथे एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि चहाची किटली. बाहेर उभी असते ती आजीबाई, म्हणजे त्यांची एकुलती एक गाडी. आजीबाईला शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बसवलेले आहेत. शिकणाऱ्याने घोळ घातला, की शेजारी बसलेल्या गुरूने डाव्या पायाने क्लच, उजव्याने ब्रेक दाबायचा आणि वेळ निभावून न्यायची.

तर ही आजीबाई आता थकली होती. मेकॅनिकने तिच्या पोटाखालून बाहेर येत हात पुसले आणि सांगितलं, "निम्मं काम द्या, मग अजून काढेल. नाहीतर माझ्या नावानं बोंब मारू नका." म्हणजे दुसरी गाडी घेणं आलं. त्यातून फोन करणारे निम्मे लोक हल्ली पहिलाच प्रश्न विचारत, गियरशिवायची शिकवता का? मास्तरिणीच्या डोक्यात हायब्रिड घोळायला लागली. पेट्रोलही, बॅटरीही. गियर बदलायचे नाहीत, क्लच तर नाहीच. शिकाऊ गाडीचं आयुष्य रांगण्यात जातं, आणि ही गाडी रांगताना बॅटरीवरच चालते. हिशेबाने सगळं सोळा आणे होतं.

अडत होतं ते मास्तरांपाशी. आई गेली तेव्हा मास्तर महिनाभर भिंतीकडे बघत बसले होते. त्यातून त्यांना उठवलं ते या कामानेच. सकाळी दाढी करून, रुमालाची घडी खिशात घालून ते जिना उतरत, तेव्हा मास्तरिणीला दिवस उजाडल्यासारखा वाटे. आता जी गाडी कण्हत नाही आणि किंचाळत नाही, तिच्यात या माणसाने शिकवायचं काय? आपण गाडी आणायची आणि बापाला बिनकामाचा करायचं, हे काही तिच्या जिवाला पटेना.

म्हणून तिने ठरवलं, की ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनाच गुपचूप विचारायचं. खरं सांगायचं तर तिला वाईटच ऐकायचं होतं. एखाद्याने तोंड भरून नावं ठेवली असती, तर ती हलक्या मनाने घरी आली असती.

पहिली गाठली दातांची डॉक्टरीण. अर्थात तीही मास्तरांचीच विद्यार्थिनी. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात हात धुता धुता ती गाडीचं गुणगान गात सुटली. पेट्रोल पंपाचं तोंड आता क्वचितच बघावं लागतं. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेकही झिजत नाहीत. "सुरुवातीला मात्र फजिती झाली हं," ती म्हणाली. "सिग्नलला थांबले की इंजिन गप्प. मला वाटायचं, बंद पडली! मान कलती करून बसायचे आणि पायाने क्लच शोधायचे. आणि तो समोरचा पडदा! त्याच्यावर बाण फिरतात, बॅटरीकडून चाकाकडे, चाकाकडून बॅटरीकडे. इतकं गोड दिसतं, की मी बघतच राहिले आणि आमच्याच फाटकाच्या खांबाला पापी दिली. मास्तरांना सांगू नकोस."

"नाही सांगत."

"म्हणजे, त्यांना ठाऊकच आहे," डॉक्टरीण म्हणाली आणि एकदम जीभ चावून पुढच्या रोग्याला आत बोलावलं. मास्तरिणीला वाटलं, झाली असेल कधीतरी बोलाचाली. तिने मनावर घेतलं नाही.

दुसरा पाववाला. त्याच्या बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची ऊब होती आणि सगळ्या वस्तूंवर पिठाचा हात फिरलेला होता. हा गडी मास्तरिणीच्या बरोबरीचा आणि तोंडाचा फटकळ, त्यामुळे तिला आशा होती. त्याने निराश केलं नाही. बॅटरीने मागची जागा खाल्ल्यामुळे पावाचे ट्रे तिरके ठेवावे लागतात. शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर नेली तर पेट्रोलची बचत म्हणजे नावाला. बॅटरी गेली तर काय, ही भीती मनात असतेच, अजून गेलेली नाही ही गोष्ट वेगळी.

"मग पुन्हा घेशील का?" तिने विचारलं.

"डोळे मिटून घेईन," तो म्हणाला. "दिवसभर गल्लीबोळांत थांबत-थांबत जायचं, त्याला हिच्यासारखी गाडी नाही. परवा मास्तरांनाही हेच सांगितलं."

"बाबा आले होते?"

"तुला माहीत नाही? घ्या! म्हणजे तुम्ही बापलेक एकमेकांपासून लपवून हिंडताय होय? डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले म्हणत होते."

तिच्या मनात नको नको ते आलं. मास्तरांना सुगावा लागला असणार. आता ते एकेक खोट गोळा करून ठेवणार आणि एक दिवस जेवताना तिच्यापुढे मांडणार. "काय म्हणाले? बरीच नावं ठेवली असतील."

"छे! पेट्रोल, बॅटरी, ट्रे, काही ऐकून घेतलंच नाही. एकच गोष्ट विचारत होते. डाव्या पायाला काय काम असतं म्हणे."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काही काम नसतं म्हटलं. जावयासारखा पसरून असतो. तर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं. मग पाव घेतले आणि गेले. ती समोरची एवढीशी पायरी आहे ना, ती उतरताना भिंत धरली मात्र."

मास्तरीण पिठाच्या पोत्यावर बसली. मग एकेक गोष्ट तिच्या समोर यायला लागली. मध्यंतरी मास्तरांनी टेकडीच्या चढावर शिकवणं बंद केलं होतं, रस्ता खोदलाय म्हणाले होते. गरम पाण्याची पिशवी रोज रात्री त्यांच्या खोलीत जात होती, कंबरेसाठी म्हणून. एका शिकाऊ मुलीच्या हातून आजीबाई चौकात पुढे उसळली होती आणि समोरच्या गाडीला जेमतेम चुकली होती. मास्तरांनी क्लचला दोष दिला, आणि मेकॅनिकला क्लचमध्ये काही सापडलं नाही. दिवसभर लोकांना 'आरशात बघा, आरशात बघा' म्हणून कानीकपाळी ओरडणारी बाई, तिला आपल्या घरातलं दिसलं नव्हतं.

त्यांनी का सांगितलं नाही, हेही तिला तिथेच उमगलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या शिक्षकाला ऐकू येईनासं झालं, तेव्हा तीच जेवताना तावातावाने बोलली होती, "शिकणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा. अशांनी घरी बसावं." मास्तर तेव्हा वाढलेलं तसंच ठेवून उठले होते. तिला रडू आलं, आणि तिने ते पाववाल्यादेखत येऊ दिलं.

पाववाल्याने तिला पाणी दिलं आणि वर गाडीची जादा किल्लीही दिली. "उद्या सकाळचे पाव पोचवून झाले की गाडी रिकामीच असते. दोघं एकदम घेऊन जा. एकेकाला तेच तेच सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय."

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना म्हटलं, "बाबा, पाववाल्याची गाडी चालवून बघू या का? हायब्रिड आहे."

"हो का?" मास्तर म्हणाले. "हायब्रिड म्हणजे नेमकं काय असतं गं?"

इतक्या भोळ्या चेहऱ्याने विचारलं, की तिला हसू आवरेना. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला घराण्यातच होती म्हणायची.

ती चालवायला बसली, मास्तर शेजारी. गाडी निघाली तरी निघाल्याचं कळलं नाही. पहिल्या चौकात एक सायकलवाला आडवा आला आणि मास्तरांचे दोन्ही पाय सवयीने पुढे दाबले गेले. खाली नुसता पायपुसण्याचा तुकडा होता. उजवा पाय खाडकन गेला. डावा अर्ध्यात अडला, आणि मास्तरांनी ओठ दाबून धरले. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. मग तिने गाडी टेकडीच्या रस्त्याला घातली.

रस्ता गुळगुळीत होता. खोदकामाचा खडाही नव्हता.

"खोदकाम बरंच लवकर आटोपलं," ती म्हणाली.

"हो ना," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ऐन चढावरचा सिग्नल लाल झाला. आजीबाईला इथे थांबवायचं म्हणजे क्लच आणि ब्रेक यांच्यामध्ये पाय धरून तप करावं लागे. ही गाडी नुसती थांबली. इंजिनही गप्प झालं. आजीबाईत काही बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि ज्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत त्या दोघांनी इतकी वर्षं सांगितल्याच नव्हत्या. आता गाडीत इतकी शांतता झाली, की मास्तरांचा श्वास ऐकू येत होता.

"डावा गुडघा गेलाय माझा," मास्तर म्हणाले.

"माहितीये."

"त्या दिवशी चौकात क्लच दाबायला गेलो आणि पाय हललाच नाही. ती पोर बिचारी स्वतःलाच बोल लावत बसली. मी लावू दिला. लाज वाटते गं मला." ते तिच्याकडे वळले. "आता मला घरी बसवणार का तू?"

तिला त्यांचा राग आला होता, आणि तितकंच वाईटही वाटत होतं. "बसवायला हवं," ती म्हणाली. "कुणाचं बरं-वाईट झालं असतं म्हणजे? मला सांगायचं नाही? आधी डॉक्टरला गुडघा दाखवायचा. त्या मुलीला मी फोन लावून देते, तिची तुम्ही स्वतः माफी मागायची. आणि आजीबाईत उद्यापासून तुम्ही बसायचं नाही. एकदाही नाही."

मास्तरांनी मान हलवली. रुमालाचा कोपरा खिशातून वर आला होता, तो त्यांनी अंगठ्याने आत ढकलला. ते बघून ती म्हणाली, "आजीबाई माझी. गियर शिकायचेत त्यांना मी शिकवीन. ही आणू, ती तुमची. शेजारी फक्त ब्रेक बसवून घेऊ. उजवा पाय ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहे." मास्तरांनी उजवा पाय पुढे आपटून दाखवला. पण चेहरा काही खुलला नाही. "अगं, पण हिच्यात शिकवायचं काय? मी कानानं शिकवतो. ही तर बोलतच नाही."

हाच तो प्रश्न, ज्याच्या भीतीने ती दारोदार हिंडली होती. ती समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. तिथे एक बाण विझला, दुसरा पेटला. सिग्नल कधी हिरवा झाला ते तिला कळलंच नाही, आणि मागून हॉर्न वाजला.

मास्तरांनी काच खाली करून मागच्यांना हात दाखवला. मग खिशातून रुमाल काढला, झटकला आणि त्या पडद्यावर नीट पसरला.

"बाई, रस्ता तिकडे आहे," ते म्हणाले. हा त्यांचा शिकाऊंशी बोलायचा आवाज होता. स्वतःसाठी तिने तो अठराव्या वर्षानंतर ऐकला नव्हता. "तुमच्या बाजूची काच खाली घ्या."

तिने घेतली.

"तुमची गाडी आता कुणाला ऐकू येत नाही. कुणी बाजूला होणार नाही, कुणी वळून बघणार नाही. तेव्हा त्यांचं तुम्ही ऐकायचं. सांगा, काय ऐकू येतंय?"

तिची मान आपोआप कलली. मागून सायकलची एक खिळखिळी साखळी वर येत होती. पलीकडच्या पदपथावर कुणीतरी काठी टेकत चाललं होतं. एक लहान मूल चपला फरफटत आईच्या मागे धावत होतं. तिने एकेक सांगितलं.

"शाब्बास. सायकल पुढे जाऊ द्या. मग निघा, सावकाश."

सायकल गेली. गाडी आवाज न करता चढ चढायला लागली. मास्तर पुढे झुकून बसले होते, डोळे रस्त्यावर, उजवा पाय तयारीत. डावा पाय त्यांनी हलक्या हाताने उचलून पुढे लांब केला होता, आणि तो तिथे आरामात पडून होता.