मुरलेली मिरची

“व्हय गं सुमन, ह्ये कसलं लोणचं म्हणायचं?”

यशोदाबाईंनी फळीकडे बोट दाखवलं. लिंबू, कैरी आणि भोकराच्या बरण्यांच्या रांगेत एक उंच, अरुंद बाटली उभी होती. आतल्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या पडल्या होत्या.

“परदेशी आहे. दिव्यासाठी,” सुमनताई म्हणाल्या.

शेजारधर्माला जागून यशोदाबाईंनी बूच काढून हुंगलंच. “अगं बया! इंजेक्शन द्यायच्या आधी लावत्यात, त्येचा वास येतुय!”

“म्हणूनच बूच लावून ठेवा. मुरायची आहे अजून.”

यशोदाबाई नाकाला पदर लावून गेल्या. सुमनताईंना हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

त्यांचं सारं आयुष्य मीठ, मोहरी आणि तेल यांच्या हिशोबात गेलं होतं. नवऱ्यामागे संत तुकाराम नगरच्या या दोन खोल्यांतून त्यांनी कंपन्यांच्या कँटीनना लोणची पुरवली. त्यावर लेक दिव्या इंजिनिअर झाली, चाकणला नोकरीला लागली, निरंजनशी तिचं लग्न झालं आणि दोघांनी रावेतला घर घेतलं. त्या घरी जायला सुमनताईंना कधी आमंत्रण लागलं नव्हतं. मागच्या महिन्यात मात्र त्या न कळवता गेल्या आणि दार उघडायला बराच वेळ लागला. आत दिव्या आणि तिची मैत्रीण विजयश्री होत्या. सोफ्यावरून कुणी नुकतंच उठल्याच्या खुणा होत्या आणि वॉशिंग मशीनमध्ये घाईनं लपवलेले काचेचे ग्लास किणकिणले.

“सरबत पीत होतो, काकू,” विजयश्री न विचारताच म्हणाली.

“निरंजन कुठे?”

“शिफ्टला,” दिव्या म्हणाली आणि सोफ्याची उशी सरळ करू लागली.

तो पसारा सुमनताईंना खुपला नाही. पोरी आता पितात, हे त्यांना ठाऊक होतं. खुपलं ते वेगळंच: लेकीनं घर असं आवरलं होतं, जसं परक्या पाहुण्यासाठी आवरतात. त्यानंतर दिव्याचे फोनही तुटक होत गेले.

तेव्हा त्यांनी एक दिवस विजयश्रीलाच फोन लावला. “त्या सरबताची कृती सांग.”

विजयश्रीनं सावधपणे विचारलं, “एवढंच विचारायला फोन केलात ना, काकू?”

“एवढंच.”

मग तिनं मोकळेपणानं सांगितलं. तिखट मार्गारिटा म्हणतात. टकीला दोन भाग, संत्र्याची गोड दारू एक भाग, लिंबाचा रस एक भाग, ग्लासच्या कडेला मीठ, आणि टकीलात हिरवी मिरची. दोन्ही बाटल्याही तिनंच आणून दिल्या. मिरची किती वेळ ठेवायची, हे सुमनताईंनी विचारलं नाही. मिरचीच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवावं, अशी वेळ अजून आली नव्हती. कच्ची मिरची चावते, मुरली की निवते. त्यांनी चांगल्या मूठभर लवंगी मिरच्या चिरा देऊन बाटलीत सोडल्या आणि आठवडाभर हात लावला नाही.

रविवारी दिव्या आली, ती दारातच थबकली. ताटलीत मीठ पसरलेलं होतं आणि आई झाकणाच्या बरणीत बर्फ घालून ती दोन्ही हातांनी खळखळ हलवत होती.

“आई, हे काय चाललंय?”

“तुझं सरबत. बस.”

“विजूनं सांगितलं ना? थांब, बघतेच तिला!”

“तिला काही बोलू नकोस. मीच पिच्छा पुरवला.” सुमनताईंनी ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवली, तो मिठात टेकवला आणि वरून गाळणीनं पेय ओतलं. “माझ्यापासून लपवून कशाला प्यायचं? इथे पी. मी ओरडणार नाही.”

दिव्यानं आईकडे पाहत ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. पुढच्या क्षणी ती उचक्या देत मोरीकडे धावली. नळाखाली तोंड धरून झालं, मूठभर साखर खाऊन झाली, तरी तिचे कान लालच होते.

“आई! मिरची किती ठेवली होतीस?”

“आठवडाभर. मुरायला.”

“दहा-पंधरा मिनिटं ठेवतात गं! दारू मिरचीतलं सगळं तिखट ओढून घेते. ती काय निवणार?” दिव्या हसायला लागली. “चाकणच्या भट्टीत घातलीस मला!”

सुमनताईही ओशाळून हसल्या. “इतकी वर्षं लोणची घातली आणि लेकीचं तोंड भाजलं. दे, ओतून टाकते.”

“राहू दे.” दिव्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला. हसणं ओसरलं, तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

“आई, निरंजन शिफ्टला नव्हता.”

सुमनताईंनी हातातली गाळणी खाली ठेवली.

“तो राहत नाही आता तिथे. दिवाळीच्या आधीच गेला. दिवाळीला तो आला नाही, तेव्हा तुला मेन्टेनन्सचं काम सांगितलं, ते खोटं होतं.”

दिवाळीत कारखाने बंद असतात आणि मेन्टेनन्सवाल्यांना तेव्हाच काम असतं; सुमनताईंनी ते तेव्हा निमूट मान्य केलं होतं. पाडव्याला जावयासाठी फराळाचा वेगळा डबाही पाठवला होता.

“जेवत होतीस ना नीट?” त्यांनी विचारलं.

दिव्यानं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे कळलं नाही.

त्या इमारतीत दिवेलागणीपर्यंत सगळ्यांची दारं उघडी असत. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि जिन्यात कुणीतरी गहू पाखडत बसलं होतं. सुमनताई उठल्या, दार लोटून त्यांनी आतून कडी लावली आणि लेकीच्या शेजारी येऊन बसल्या.

“आता सांग,” त्या म्हणाल्या.