आत्याची चटई

मी समूहफोटो काढला की हजर नसलेला नातेवाईक त्यात येतो, आणि जिथे असेल तिथून जातो. हे फक्त ऑकलंडमधल्या टोंगन कार्यांत होतं, आणि तेही त्या माणसासाठी मानाची चटई रिकामी ठेवली असेल तरच. माझी बायको लोसालिने टोंगन, त्यामुळे सासरच्या साऱ्या कार्यांचा फुकटचा फोटोग्राफर मीच.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या वाढदिवसाला तिचा भाऊ फिलिमोने अमेरिकेतून येऊ शकला नाही. फोटोत तो चटईवर बसलेला निघाला, घामाघूम, कारखान्याच्या कपड्यांत. तिकडे पार्किंगमध्ये त्याची गाडी चालू अवस्थेत सापडली. त्याच्या बायकोनं फोन करून एक मोठी प्रत मागितली आणि तो बरा दिसतो का, तेवढं विचारलं. आमच्या दिवाणखान्यातल्या फोटोची काच सासूबाई रोज पुसतात, पण वाफ आतून धरलेली असते.

आज माझी लेक केतकी एकवीस वर्षांची झाली. टोंगन लोक हा वाढदिवस लग्नासारखा करतात आणि त्यात सर्वांत मोठा मान बापाच्या बहिणीचा. तिच्यापुढे बापही खाली बसतो, केकचा वरचा थरसुद्धा तिचाच. केतकीची आत्या म्हणजे माझी शालनताई. व्हिसा मिळाला नाही म्हणून ती सांगलीतच राहिली. मला ही एवढी एकच बहीण आहे.

हॉलमध्ये शिरलो तर मधोमध तिची चटई अंथरलेली. केवड्याच्या पानांची, जुनी, घरातली सर्वांत उंची. इथे दुसऱ्या कुणाला बसवू या, असं मी सासूबाईंना म्हणालो. त्या हसल्या. पोरीला बापाकडचं कुणीच नाही असं दिसलं तर बरं दिसेल का, असं त्यांनी मलाच विचारलं. लोसालिनेनं माझा हात धरला आणि अंथरलेली चटई आता कुणालाच उचलता येत नाही म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण भावाच्या वेळीही तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

मी चटई वगळून फ्रेम लावली. चटई आत आली. मागे सरकलो तर भिंत पाठीला लागली. मघाशी ती चांगली लांब होती. बाहेर पडावं म्हटलं, तर दारापर्यंत झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड पसरलेलं. त्यावर पाय ठेवण्याइतकी माझी पायरी नव्हती, आणि ते हळूहळू माझ्या बुटांकडे उलगडत होतं. हॉलभर माणसं गप्प बसून कॅमेऱ्याकडे बघत होती.

मी ताईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. काहीएक न लपवता सगळं सांगितलं. मला फार भीती वाटतेय, तू घरातच कशाला तरी घट्ट धरून बस, असंही म्हणालो.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्यांच्या पुढं बसवणार मला?"

"हो."

"विधवा आहे म्हणून सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलंय. त्यांना त्याचं काही नाही."

"परवा पुतणीच्या, सुमीच्या ओटीभरणाला मला आत बसवलं होतं रे. बायका जाईपर्यंत बाहेर येऊ नका म्हणाले."

"ताई, परत येता येत नाही."

"कळलं मला. पिठाचे हात आहेत, धुऊन घेते."

फोनमध्ये नळाचा आवाज आला. मी फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं लेन्सला झाकण लावलं. बटण मी दाबलं नाही. तरीही चटईवर ओल्या तळव्यांचे दोन ठसे उमटले, बसताना हात टेकावेत तसे. सासूबाईंनी मान खाली घातली, पाठोपाठ सगळ्या हॉलनं घातली. केतकी पुढे झाली आणि नमस्काराला वाकली.

मी ताई, ताई म्हणत राहिलो. नळ वाहत होता. मग कुकरची शिट्टी झाली, आणि गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.