गेंडा उठलाच नाही

मास्तरांचं आणि सिनेमाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "सिनेमात काहीही दाखवतात, खरं असतं ते पुस्तकात," असं ते शाळेत पहिलीच्या पोरांना ऐकवत आणि घरी स्वतःच्या पोरीला. पोरगी सहा वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणत, पण दोन गिरक्या मारल्या की तिला धाप लागे, ओठ निळे पडत. जन्मापासून हृदयाला भोक होतं.

आता ऑपरेशन ठरलं होतं. मास्तरांची झोप उडाली होती, भिंगरी मात्र खुशाल होती. तिच्या मामाने तिला लोखंडी गेंड्याचे चारही सिनेमे मोबाइलवर दाखवले होते. त्यात गेंड्याच्या छातीत बाण घुसतो, तो बर्फात झोपतो, झोपेतच बाण काढतात आणि मग तो उठतो. "मीपण तशीच झोपणार," असं ती भेटेल त्या नर्सला सांगे.

त्या सकाळी मास्तरांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. हॉस्पिटलखालच्या दुकानात त्याच गेंड्याचं चित्रांचं पुस्तक दिसलं आणि त्यांनी ते न चाळताच घेतलं. नाव मोठं, लक्षण खोटं! गेंडा दिसत होता डुकरासारखा. शिंग एका पानावर नाकावर, तर दुसऱ्यावर कपाळावर. चार सिनेमे एवढ्याशा पुस्तकात कोंबलेले. "गेंडा लढला. गेंडा पडला," आई वाचत गेली. शेवटच्या पानावर होतं, "गेंडा बर्फात झोपला. समाप्त."

आईने पान उलटलं. मागे रंगपेटीची जाहिरात होती.

"तो उठलाच नाही," भिंगरी म्हणाली.

"अगं, उठतो की," मास्तर म्हणाले. "तूच सांगितलंस ना, सिनेमात..."

"सिनेमात काहीही दाखवतात. तूच म्हणतोस, बाबा."

"घ्या," आई पुटपुटली. "आता निस्तरा."

तेवढ्यात नर्स ट्रॉली घेऊन आली. भिंगरीने दोन्ही हातांनी नाकतोंड गच्च झाकलं. "मला नाही झोपायचं!" ती रडू लागली. तिला अजिबात रडू देऊ नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तिची नखं जांभळी पडू लागली. आरडाओरडा ऐकून बाई स्वतः आल्या. "आज ऑपरेशन राहिलं तर पुढे तिला झेपेल असं मला वाटत नाही," त्या हळूच म्हणाल्या. पोरगी आत जायच्या आधीच आपल्या हातून जाते की काय, या भीतीने मास्तरांनी आईच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

पुस्तकाचा कान दुमडला तर पोरांचा कान धरणारा हा माणूस. त्याने ते शेवटचं पान टर्रकन फाडलं.

भिंगरी हुंदका गिळून बघतच राहिली. "फाडलंस?"

"हे पुस्तक खोटं आहे."

"पुस्तकं खोटी असतात?"

"असतात. मी चुकीचं सांगत होतो तुला."

"मग सांग, कसा उठतो तो?"

मास्तर तिच्यापाशी वाकले. थाप मारली असती, तर तिने लगेच पकडली असती. "मला नाही गं माहीत. मी बघितलाच नाही. तू सांग."

तिने तोंडावरचे हात काढले. "आधी एक कान हलतो," ती धापा टाकत म्हणाली. नर्सने तिला अलगद ट्रॉलीवर घेतलं. मास्तर तिचा हात धरून शेजारून चालू लागले.

"मग?"

"मग बर्फाला तडा जातो. सगळे ओरडतात, ऊठ, ऊठ! पण तो लगेच नाही उठत."

"का?"

दार आलं. बाईंनी मास्क पुढे केला.

"ते खूप मोठं आहे, बाबा. उठल्यावर सांगते."

मास्क लागला. थोड्याच वेळात मास्तरांच्या मुठीतली तिची बोटं सैल पडली, आणि कुणीतरी ती सोडवून घेतली.

बाहेर बाकावर दुपार झाली. दार उघडलं की मास्तर उठत, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसत. आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. शेजारी मामा बसला होता. त्याला मास्तरांची ही उठबस बघवेना. त्याने खिशातून मोबाइल काढला.

"दाजी, तेवढाच भाग लावू का? गेंडा कसा उठतो तो. जरा मन रमेल तुमचं."

मास्तरांनी त्या मोबाइलवर पंजा दाबून धरला.

"नको," ते म्हणाले. "ती सांगणार आहे."