दारामागचा शर्ट

कॉलर दगडावर पसरून म्हातारीने तिच्यावर साबणाची वडी फिरवली. आधी आतून, मग घडीवर, मग पुन्हा आतून. काळपट पट्टी काही हलेना. तिने ब्रश उचलला आणि तोंडातून सवयीने गेलंच,

"मेल्या, मान कधी धूत होतास की नाही?"

शब्द गेला आणि हात थांबला. तो रांगत होता तेव्हापासून ती त्याला असंच म्हणायची, आणि तो दात काढून हसायचा. आता तिने इकडेतिकडे पाहिलं. लाँड्रीतल्या बॉयलरच्या आवाजात कुणी ऐकलं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि ब्रश असा चालवला, की कॉलरला पळता भुई थोडी झाली.

शर्ट तिच्या मुलाचा होता. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी दुपारी त्याने घामाने भिजलेला शर्ट काढून आपल्या मुलीच्या खोलीच्या दारामागे अडकवला, दुसरा चढवला आणि इस्पितळाच्या चादरींचे गठ्ठे गाडीत टाकून पोचवायला गेला. गठ्ठे पोचले. तो गाडीतच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, झोपलाय बिचारा.

त्यानंतर म्हातारीने त्याचं होतं नव्हतं ते सगळं धुऊन काढलं. बनियनी, रुमाल, उशीचे अभ्रे, पांघरूण, गाडीतल्या सीटचं कव्हरसुद्धा. सून नुसती बघत बसली होती. म्हातारी रडली नाही. तिने धुतलं, खळ घातली, इस्त्री केली, घड्या कपाटात रचल्या, आणि कपाट लावून सांगितलं, "आता या घरात त्याचा विषय नको. रडत बसलो तर लाँड्री कोण चालवणार, तुमचा बाप?" हे नातीकडे बघून म्हटलं गेलं, आणि कुणालाच हसू आलं नाही.

नातीच्या खोलीचं दार दिवसभर भिंतीला टेकलेलं असायचं. तेवढा हा एक शर्ट म्हातारीच्या तावडीतून सुटला. आणि सापडला कुठे, तर मोबाइलमध्ये.

आदल्या संध्याकाळी नात इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. घरात तिला टिटवी म्हणत, कारण लहानपणी तिची टकळी कधी थांबायची नाही. बाप गेल्यावर नाव तेवढं राहिलं.

"आजी, सरांनी व्हिडिओ करायला सांगितलाय. घरातली एक वस्तू घ्यायची, आणि तिची गोष्ट आपल्या आवाजात सांगायची. एवढंच. मोबाइलवर."

"म्हणजे आता शाळेत पिक्चर काढतात? गणितं संपली वाटतं सगळी."

"भाषेच्या तासाला आहे. बघ ना."

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर दारामागची खुंटी होती आणि खुंटीवर शर्ट. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, तशाच सुरकुतलेल्या. मोबाइल हलत हलत जवळ गेला आणि कॉलरपाशी थांबला. म्हातारीने शर्ट लगेच ओळखला. पण तिच्या डोळ्यांना जी सवय होती तीच त्यांनी पाळली. त्यांनी मळ पाहिला.

"हा कुठे होता?"

"तिथेच." टिटवीने मोबाइल मागे घेतला. "आजी, तू बाबांबद्दल एक वाक्य बोलशील? मी आवाज घेते फक्त. तोंड दाखवणार नाही."

"मला वेळ नाही. या हॉटेलवाल्यांच्या चादरी उद्या सकाळी द्यायच्यात."

"एकच वाक्य."

"सांगितलं ना एकदा!"

पोरगी गेली. म्हातारीची इस्त्री मात्र एकाच चादरीवर इतका वेळ फिरत राहिली, की सुनेला पलीकडून म्हणावं लागलं, "आई, जळेल ती."

वाक्य काही तिच्याच्याने होणार नव्हतं. पण रात्रभर तिला ती कॉलर दिसत राहिली. सगळ्या वर्गापुढे, सरांपुढे, मोठी करून दाखवणार. सगळ्या गावाचे कपडे पांढरे करणाऱ्या घरातला कर्ता मुलगा, आणि त्याची कॉलर ही अशी? लोक म्हणतील काय? आणि त्याच्याही आत, जिथे ती स्वतःलाही फारसं डोकावू देत नसे, तिथे एवढंच होतं, की त्याच्यासाठी काहीतरी करायला मिळतंय. पोरगी शाळेत गेल्यावर तिने शर्ट खुंटीवरून उतरवला, चिमटीत धरून, तोंड बाजूला करून, मळक्या कपड्याला धरतात तसा, आणि थेट पाण्यात बुडवला.

कॉलर अखेर स्वच्छ निघाली. तिने शर्ट दोनदा खळबळून घेतला, नीळ दिली, हलकी खळ घातली. इस्त्री सुनेकडे दिली नाही, स्वतः केली. बाह्या सरळ केल्या, बटणं वरपासून खालपर्यंत लावली. खुंटीवर अडकवून दोन पावलं मागे सरून पाहिलं. शर्ट असा दिसत होता, जसा कुणाच्या तरी लग्नाला निघालाय.

संध्याकाळी टिटवी आली तेव्हा म्हातारी मुद्दाम त्या खोलीत पडदे आवरत उभी होती. पोरीने दप्तर टाकलं, दार ओढलं, सवयीने मागे शिरली.

"काढ आता तुझा पिक्चर," म्हातारी म्हणाली. "आता दाखव कुणाला दाखवायचं ते."

टिटवी दारामागून बाहेर आली. तिचा चेहरा एखाद्या बंद दुकानासारखा झाला होता.

"छान झालाय, आजी," ती म्हणाली, आणि बूट न काढता बाहेर निघून गेली.

म्हातारी फणकारली. "बघ, कौतुक करायचं तर तोंड दुखतं हिचं." ती इस्त्रीच्या टेबलाकडे आली. "सूनबाई, तुझ्या लेकीला काय झालंय? बापाचा शर्ट एवढा चकाचक करून दिला..."

सुनेने इस्त्री उभी केली.

"दारामागचा? धुतलात तुम्ही?"

"मग? तसाच घाण ठेवायचा?"

सून स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती त्या हातांकडेच बघत म्हणाली,

"ती रोज शाळेतून आली की त्या दारामागे जाते, आई. त्यात तोंड घालून उभी राहते. त्यांचा वास यायचा अजून." मग ती म्हणाली, "मी पण जायची. ती शाळेत असली की."

म्हातारीला हे कळायला जरा वेळ लागला. तिच्या उभ्या आयुष्यात वास ही काढून टाकायची गोष्ट होती.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"कशी सांगणार?" सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही त्यांचं नाव तरी काढू देता का?"

बाहेर बॉयलर फुसफुसत होता. जिच्या तोंडाला भिऊन गिऱ्हाइकं चादरी मोजून घ्यायची नाहीत, ती वळली आणि टेबलावरची दुसऱ्याच कुणाची तरी विजार उचलून घडी घालू लागली. घडी चुकली.

दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडलं. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, कसर लागलीय का बघते. एकेक घडी उचलून तिने नाकाशी नेली. बनियन, रुमाल, पांघरूण, हिवाळ्यात तो कानाला बांधायचा तो मफलर. सगळ्यांना एकच वास होता, तिच्या साबणाचा. गाडीतल्या सीटला तोच. हातमोजे कोपऱ्यात सापडले, तेही तिनेच उकळून ठेवलेले. घरात त्याचं मळकं असं काही उरलं नव्हतं. तिचं काम चोख होतं.

संध्याकाळी, पोरगी शिकवणीला गेली असं समजून, ती त्या खोलीत गेली. दार आपल्यापुरतं ओढून घेतलं. शर्टाचं वरचं बटण सोडलं, कॉलर उलगडली, आणि जिथे ती पट्टी होती, जी तिने इतकी घासून काढली, तिथे नाक लावलं. मग काखेत. मग बाहीच्या घडीत. ती तशी किती वेळ उभी होती, तिचं तिला कळलं नाही.

पोरीने व्हिडिओचं नाव काढलं नाही. म्हातारी धरूनच चालली होती, की तो आता होणार नाही. म्हणून एके सकाळी डब्याला झाकण लावता लावता टिटवी म्हणाली, "शनिवारी शाळेत दाखवणारेत, घरच्यांना पण बोलावलंय," तेव्हा म्हातारीने एकदम विचारलं,

"काय दाखवणार?"

"मी केलाय तो."

सून म्हणाली, "तुम्ही जा, आई. माझ्याच्याने बघवणार नाही." म्हातारी जायला तयार झाली, ती शिक्षा घ्यायला निघाल्यासारखी. ठेवणीतले कपडे घातले. आपल्यामुळे पोरीचं काम बिघडलं हे चारचौघांत निघणार, तर निघू दे. पण सुरकुत्या घेऊन जाणार नाही.

वर्गात खिडक्यांना कागद लावून अंधार केला होता. सर कोवळेच होते, हातात वायर घेऊन घामाघूम झालेले. म्हातारी शेवटच्या बाकावर बसली. बाक इतका लहान, की गुडघे पोटाशी आले. भिंतीवर एकेकाचा व्हिडिओ लागत होता. एका मुलाने आजोबांचा चष्मा दाखवला, पण अर्धा वेळ भिंतीवर त्याचाच अंगठा दिसत होता, आणि पोरं खिदळली. एका मुलीने सायकल दाखवली, मोठ्या भावाची. भाऊ परदेशी होता. तिचा आवाज मधेच फुटला, तेव्हा कुणी हसलं नाही.

मग भिंतीवर खुंटी आली. मोठी, म्हातारीहून मोठी.

"हा माझ्या बाबांचा शर्ट," अंधारात टिटवीचा आवाज म्हणाला. "आमच्या घरी सगळ्यांचे कपडे धुतात. हा राहून गेला होता." कॉलर जवळ आली. म्हातारीने डोळे मिटले नाहीत.

चित्र बदललं. तोच शर्ट, पांढराशुभ्र, बटणं लावलेला.

"मग आजीने धुतला," आवाज म्हणाला. म्हातारीने बाकाची कड धरली. ती पुढचं ऐकायला तयार होती. पण पुढे आवाज नव्हताच. पुढे दाराची फट होती, आणि फटीतून दिसणारी एक पाठ. अंबाडा सुटत आलेला. खांदे वाकलेले. डोकं शर्टात खुपसलेलं, आणि ते डोकं हळूहळू हलत होतं, कॉलरपासून बाहीकडे, बाहीपासून पुन्हा कॉलरकडे. चित्र तिथेच राहिलं. मोबाइल धरणारा हात जराही हलला नव्हता.

आपली पाठ माणसाला कुठे दिसते? ही कोण म्हातारी, असं तिच्या मनात खरोखर आलं. मग तिने अंबाडा ओळखला.

भिंत पांढरी झाली. सरांनी दिवा लावला नाही. पुढच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला.

"सर, त्या आजी काय करत होत्या?"

सर काही म्हणायच्या आत टिटवी म्हणाली, "शोधत होती."

"काय?"

"बाबांचा वास."

पोरगं जरा विचारात पडलं. मग त्या वयाची पोरं विचारतात तसं सरळ विचारलं, "कसा होता?"

टिटवीने तोंड उघडलं. आणि घरात करायची तेच केलं. बोलण्याआधी आजीकडे पाहिलं. तिच्याबरोबर सगळा वर्गच वळला. बाकांवरून माना वळल्या, भिंतीला टेकलेल्या आया वळल्या, सर वायर धरून वळले. हीच ती पाठ, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

म्हातारीने आठवून पाहिलं. त्याच्या प्रत्येक शर्टाचा प्रत्येक डाग ती सांगू शकली असती, कुठे ग्रीस, कुठे गंज, कुठे शाई. दहा कपड्यांतून त्याचा कपडा तिने नुसत्या बोटांनी काढून दिला असता. पण वास? तो तर ती दर वेळी तोंड फिरवून पाण्यात सोडत आली होती, त्याच्या दुपट्यांपासून.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

टिटवी अजून तशीच उभी होती, तोंड अर्धवट उघडं, परवानगीसाठी थांबलेली.

म्हातारीने गुडघे सावरले, दोन्ही हात बाकावर ठेवले आणि लाँड्रीत पलीकडच्या टोकाला हाक मारायची त्या आवाजात म्हणाली,

"सांग की. आणि जरा मोठ्याने सांग. इथे मागे ऐकू येत नाही."